सगळ्यांची फॅट सारखी

लग्न होऊन मी या पाड्यावर आले तेव्हा इथे दुधाचा चहा कोणी पीत नव्हतं. दारात गायी होत्या, पण त्यांची धार कोणी काढत नव्हतं. गाय ठेवायची ती नांगराला बैल मिळावा आणि शेताला शेण मिळावं म्हणून. दूध वासराचं. ते काढून घेणं म्हणजे लेकराच्या तोंडचं ओढून घेणं, असं जुनी माणसं सरळ म्हणायची. माझं माहेर तलासरीकडचं, हायवेला लागून. तिथे आम्ही पिशवीतलं दूध पिऊन शहाणे झालेलो. पहिल्याच सकाळी सासूने काळा चहा पुढे केला आणि मी नाक मुरडलं. ते तिने पाहिलं. "दूध पायजे तर वासराला इचार," ती म्हणाली. आमच्या नात्याची सुरुवात अशी झाली.

अशा पाड्यावर पुढे बायकांची दूध सोसायटी निघाली, हे आज मलाही खरं वाटत नाही. निघाली, चालली, चांगली चालली. मग तिचं काय झालं ते सांगायला बसले तर आधीच सांगते, यात कोणी पैसे खाल्ले नाहीत. लोक हे ऐकलं की निराश होतात. सोसायटी म्हटलं की त्यांना अफरातफर ऐकायची असते. मी तिची सचिव आहे, अजूनही आहे, आणि माझ्याकडे तसली गोष्ट नाही.

आमच्या भागाला सहकार नवा नाही. माझे आजोबा जंगल कामगार सोसायटीचे सभासद होते. ठेकेदाराला बाजूला सारून लोकांनी स्वतः जंगल तोडायचं, स्वतः विकायचं आणि नफा वाटून घ्यायचा, अशी ती सोसायटी. आजोबांच्या तोंडी तिचं नाव आलं की ते ताठ बसायचे. मी शाळेत जायला लागले तेव्हा तोडायला जंगल उरलं नव्हतं आणि सोसायटीच्या इमारतीला कुलूप होतं. पुढच्या भिंतीवर 'विना सहकार नाही उद्धार' असं रंगवलेलं. पावसाने बाकीचं धुऊन नेलं, त्यातला 'नाही' तेवढा ठळक राहिला होता. आम्ही पोरं त्या ओट्यावर चिंचा फोडायचो.

सासरचा पाडा उधव्यापासून आत, चढावर आहे. खाली भाताची शेतं, वर नागलीचा माळ. भात घरात आलं, दिवाळी झाली, की पाड्याला कुलपं लागायची. कुलपं म्हणजे म्हणायला. दाराला काठी आडवी लावायची आणि एखाद्या म्हातारीला सांगायचं, लक्ष ठेव. बाकी सगळे मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून खाली खाडीकाठच्या वीटभट्ट्यांवर. पोरं, कोंबड्या, तवा, गोधड्या, सगळं ट्रकात. पाऊस तोंडावर आला की परत. शाळेतले गुरुजी हजेरी घ्यायचे आणि भिंतींना ऐकवायचे.

सासूने अशा कितीतरी खेपा केल्या होत्या. तिची धाकटी मुलगी भट्टीवरच तापाने गेली. दवाखान्यात न्यायला मुकादमाने संध्याकाळपर्यंत थांबायला सांगितलं, आणि संध्याकाळी नेण्यासारखं काही राहिलं नाही. खाडीच्या बांधावर तिला पुरली. पुढच्या वर्षी सासू त्याच भट्टीवर गेली तेव्हा बांध हलवलेला होता आणि जागा सापडली नाही. हे तिने मला एकदाच सांगितलं, भात निवडताना, सुपातून डोळे न उचलता. पुढे म्हणाली, "सासरा तुझा मेला तवा मी ठरवला. आता मेली तरी भट्टी चढायची नाय." मी तिच्यावर वर्षभर रुसून होते, काळ्या चहापासूनच. त्या दिवशी माझं रुसणं संपलं.

तर सोसायटी. सीमेपलीकडच्या एका मोठ्या दूध संघाला आमच्या बाजूची गावं जोडायची होती. संघाची माणसं आली, बैठका झाल्या, योजनेतून संकरित गायी मिळतील असं सांगितलं. पुरुष म्हणाले, बघू. आमच्याकडे पुरुष 'बघू' म्हणाले म्हणजे ते बघत नाहीत. सासू उठून म्हणाली, "गाय कोन सांबाळल? बाईच ना? मंग सोसायटी बाईची करा." तिला वाटलं होतं की दूध रोज काढावं लागतं, म्हणजे दिवाळीनंतरही कोणीतरी घरी राहावंच लागेल. गाय एकटी सोडून ट्रकात बसता येत नाही. एवढाच तिचा हिशोब होता आणि तो बरोबर होता. वासराच्या दुधाचं काय, असं एका म्हातारीने विचारलं. सासूने सांगितलं, दोन सडं वासराला, दोन सोसायटीला. त्यावर मत घेतलं असतं तर सगळे हात वर गेले असते.

सासू चेअरमन झाली. बारावी शिकलेली पाड्यात मी एकटी, म्हणून मी सचिव. संघ गुजरातेतला, त्यांच्याकडे सोसायटीला मंडळी म्हणतात आणि तिच्या सचिवाला मंत्री. सुपरवायझर मला 'मंत्रीबेन' म्हणून हाक मारायचा. माझा नवरा उंबरगावला प्लास्टिकच्या कंपनीत, सुट्टीला घरी यायचा. दारातून ओरडायचा, "मंत्रीसाहेब, जेवण मिळंल का?" मी म्हणायची, अर्ज करा. त्या दिवसांत आमच्या घरात हसणं बरंच होतं.

समाजमंदिराच्या बाजूच्या खोलीत केंद्र होतं. सकाळ-संध्याकाळ बायका किटल्या घेऊन रांगेत उभ्या. वजनकाटा, फॅटचं मशीन, बाजूला कॉम्प्युटर. किटलीतलं चमचाभर दूध मशीनच्या नळीला लावायचं, आकडा पडद्यावर येतो, चिठ्ठी निघते, आणि तोच आकडा त्याच वेळी संघाच्या ऑफिसात दिसतो. जेवढी फॅट जास्त तेवढा भाव. अक्षर न ओळखणाऱ्या बायका आठवड्यात ते आकडे ओळखायला लागल्या. मग टेम्पो यायचा आणि कॅन घेऊन जायचा.

दुधाने काय दिलं ते सांगायला मला भाषण करावं लागेल आणि मला भाषणाचा तिटकारा आहे. एवढंच सांगते की दिवाळी झाली, मुकादमाचा ट्रक पाड्याखाली येऊन उभा राहिला, हॉर्न वाजवून वाजवून निम्मा रिकामा गेला. थंडीत संध्याकाळी घराघरांतून धूर निघत होता. माझ्या सासूने असा धूर पौषात कधी पाहिला नव्हता. ओट्यावर बसून ती नुसती बघत होती. आत ये, थंडी आहे, म्हटलं तर म्हणाली, "बघू दे गो." पुढच्या वर्षी ट्रक आमच्या फाट्यावर थांबलाच नाही.

शेजारच्या घरात एक बाई राहते. मी तिला मावशी म्हणते. नवरा कधीच गेला, एक मुलगी वेवजीला दिलेली. सासूच्या भट्टीवरच्या सगळ्या वर्षांची ती सोबतीण. सासू जेवढी बोलते तेवढी ही गप्प. तिची गाय पाड्यातली सगळ्यात चांगली नव्हती, पण तिच्याशी ती जेवढं बोलायची तेवढं माणसांशी बोलत नसे. लंपीची साथ आली त्या वर्षी त्या गायीच्या अंगावर गाठी आल्या. डॉक्टर आला, इंजेक्शनं झाली, सासूने आणि मावशीने रात्रंदिवस हळदीचं पाणी लावलं. गाय गेली. विम्याचा माणूस आला आणि कानातला बिल्ला मागू लागला. बिल्ला कुठेतरी कुंपणाला अडकून पडून गेला होता. बिल्ला नाही तर गाय नाही, असं तो म्हणाला. मेलेली गाय त्याच्या पायाशी पडलेली होती.

आता सोसायटीचा नियम असा की ठरावीक दिवस दूध घातलं नाही तर सभासद क्रियाशील राहत नाही. क्रियाशील नाही तर नव्या गायीच्या योजनेत नाव बसत नाही. म्हणजे गाय मिळायला दूध पाहिजे आणि दुधाला गाय. मी हा नियम मावशीला समजावून सांगितला. ती मान हलवत राहिली. सासू बाजूला उभी होती. तिने दुसऱ्या दिवशी पेल्याने आपल्या किटलीतलं दूध मावशीच्या किटलीत ओतलं. तिचं बघून दुसरीने ओतलं, तिसरीने ओतलं. किटली भरली.

चार दिवसांनी कुरबुर निघाली. कोणी भरलेला पेला ओतते, कोणी अर्धा. कोणाचं दूध दाट, कोणाचं पातळ. सासूने सगळ्यांना अंगणात बोलावलं. तुम्हाला आमच्याकडची मासे धरायची पद्धत माहीत नसेल. भात पिकायला लागलं की ओहळ अडवतात, पाणी उपसतात आणि सगळा पाडा चिखलात उतरतो. मिळालेला मासा कोणी आपल्या टोपलीत टाकत नाही. सगळे एका जागी ओततात आणि सागाच्या पानांवर वाटे घालतात. ज्याला दहा मिळाले त्यालाही एक वाटा, जो नुसता काठावर उभा होता त्यालाही एक. पोटुशी बाई असली तर तिला दोन. यावर कधी भांडण झालेलं मी पाहिलं नाही. सासू एवढंच म्हणाली, "पेल्यापेल्यानी कसला देता? भिकारीन हाय का ती? वाटे घाला."

लग्नात भात शिजवायचा पाड्याचा मोठा टोप आहे, तो आमच्या अंगणात आला. सकाळ-संध्याकाळ सगळ्यांचं दूध त्या टोपात. सासू पळीने ढवळायची आणि मग मापाने प्रत्येकीची किटली भरायची. सगळ्यांना सारखं. मावशीलाही सारखं. ज्यांच्या दोन गायी होत्या त्यांचं नुकसान होत होतं, उघड होतं. त्यांतली एक माझी चुलत जाऊ, फार हिशोबी. तिला मी बाजूला घेऊन विचारलं, परवडतं का तुला? ती माझ्याकडे असं बघत राहिली की मीच काहीतरी घाण बोलले. "उद्या माझी गाय मेली तर?" ती म्हणाली.

मी बायकांना सांगितलं होतं की ऑफिसात दिसेल. रोज, सकाळ-संध्याकाळ, सगळ्या सभासदांची फॅट सारखी, वजन सारखं. असं कुठल्याच गावात होत नाही. बायका हसल्या. एक म्हणाली, "डेअरीला दूध पायजे का गाय पायजे?" खरं सांगायचं तर मला अभिमान वाटत होता. मशीनवर एकामागून एक तोच आकडा यायचा आणि प्रत्येक बाई तो मोठ्याने वाचायची, पाढा म्हणावा तसा. पाण्याची भेसळ नाही, दुधात खोट नाही. संघाला जेवढं दूध जायचं तेवढंच जात होतं. मला आजही त्यात चूक दिसत नाही, आणि ज्यांना दिसते त्यांच्याशी भांडायला मी तयार आहे.

सुपरवायझर न सांगता आला, सकाळीच, मोटरसायकलवर. वाईट माणूस नव्हता. चारोटीहून येताना सासूसाठी बिस्किटाचा पुडा आणायचा. त्या दिवशी पुडा नव्हता. त्याने कॉम्प्युटर उघडला, आकडे बघितले आणि माझ्याकडे बघितलं. "मंत्रीबेन, हे काय आहे? मशीन बंद ठेवून हाताने आकडा टाकता?" मी भडकले. मी म्हटलं, समोर उभे राहा आणि बघा. तो उभा राहिला. किटल्या आल्या. एकामागून एक तोच आकडा. मशीन बिघडलं असं वाटून त्याने ते धुतलं, पुन्हा लावलं. तोच आकडा.

बायकांना त्याची कीव आली. सासूने त्याचा हात धरला, खरंच धरला, आणि त्याला आमच्या अंगणात आणलं. टोप दाखवला, पळी दाखवली, माप दाखवलं. मावशीला पुढे ओढलं. "ही बघ. हिची गाय मेली. म्हनून आमी असा करतो." किती आनंदाने सांगत होती ती. तिला वाटलं, माझ्यावरचा आळ गेला. तिला वाटलं, आता हा माणूस संघात जाऊन सांगेल की त्या पाड्यावरच्या बायका बघा कशा आहेत.

त्याने पळी उचलून टोपावर आडवी ठेवली. मग म्हणाला, "बेन, हे तुम्ही मला कशाला दाखवलं?"

मी त्याच्यावर ओरडले, पण त्याने सांगितलं ते मला समजत होतं. एखाद्या गायीला औषध चालू असलं तर कोणाचं दूध बाजूला ठेवायचं? उद्या दूध नासलं तर कोणाच्या घरी जायचं? आणि गाय नसलेल्या बाईच्या नावावर दूध, म्हणजे खोटा सभासद. आकडा हाताने टाकला असता तर मंत्री बदलून भागलं असतं. इथे अख्खी मंडळी खोटी निघत होती. त्याने रिपोर्ट लिहिला. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला नाही.

टेम्पो किती दिवस आला नाही ते मी मोजलं नाही, पण वासरांनी मोजलं असेल. त्यांची चंगळ झाली. चारही सडं त्यांची. आम्ही खीर केली, लोणी काढलं, पाहुण्यांना पाठवलं, आणि मग दूध ओतायला भांडी उरली नाहीत. उधव्याच्या बाजारात एक खाजगी गवळी घ्यायचा, तो म्हणेल तो भाव, आणि तिथपर्यंत जायला जीप. पेंडीच्या गोण्या संपत आल्या. संकरित गाय डोंगरच्या गवतावर जगत नाही. दिवाळी जवळ येत होती. पुरुष मुकादमाचा फोन नंबर एकमेकांना विचारायला लागले होते.

मग सुपरवायझरच आला. त्याने आमच्यासाठी वर जाऊन भांडण केलं होतं, हे मला नंतर कळलं. त्याने तोडगा आणला. बैठक घ्या, ठराव करा, गाय नसलेल्या सभासदाचं नाव कमी करा, आणि यापुढे प्रत्येक सभासद स्वतःच्या गायीचं दूध वेगळं आणील असं लिहून द्या. परवापासून टेम्पो चालू. एवढंच.

समाजमंदिराच्या ओट्यावर बैठक झाली. मी ठराव वाचला. असली शांतता मी त्या ओट्यावर कधी ऐकली नव्हती. आमच्या बायका मयताला बसल्या तरी बोलतात. मला वाटत होतं की कोणीतरी उठेल आणि म्हणेल, हे आम्हाला जमणार नाही, न्या तुमचं मशीन. मी जावेकडे बघितलं. तिची पोरगी त्या वर्षी दहावीला होती. दुसरीकडे बघितलं, तिचं तान्हं मांडीवर होतं. प्रत्येकीच्या मांडीवर काही ना काही होतं. नुसतं काठावर उभ्या असलेल्याला वाटा देणारी ही माणसं, आणि त्यांना मी दोष देऊ शकत नव्हते. मी दोष द्यायला अगदी उतावीळ होते, पण देणार कोणाला?

मावशीच बोलली. "लिव गो पोरी. माझा नाव काड." आणि जरा थांबून, "सगल्यांचा बंद व्हवा का माझ्यापाय?"

सासू चेअरमन. पहिली सही तिची. ती सही सोसायटीनेच तिला शिकवली होती. पाटीवर गिरवून गिरवून शिकली होती आणि शिकल्यावर घराच्या कुडावर कोळशाने काढून ठेवली होती. त्या दिवशी तिने पेन हातात घेतलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. मावशीने तिच्या कोपराला हलकेच ढकललं, जेवायला वाढल्यावर पोराला ढकलतात तसं. सही झाली. मग बाकीच्यांच्या झाल्या. मावशी सगळ्यांत आधी उठून घरी गेली, कारण आता बैठकीत बसायचा तिला हक्क नव्हता. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला ते माझ्या वाचण्यातून कळलं होतं.

टेम्पो आला. किटल्या आल्या, आता झाकणं लावून. टोप परत समाजमंदिरात पालथा घातला. मशीनवर वेगवेगळे आकडे येऊ लागले आणि ऑफिसातून फोन आला, आता बराबर आहे. महिना झाला नसेल, रांगेत एकीने दुसरीला म्हटलं की तुझी फॅट एवढी खाली कशी, ओहळावरनं आलीस का? तिने किटली हिच्या अंगावर रिकामी केली. पाणी घालण्याचा आळ. त्या दोघी सख्ख्या बहिणी, एकाच घरी दिलेल्या. मी दोघींना हाकलून दिलं आणि आतून कडी लावून घेतली. मला रडायला येत होतं आणि त्याचा मला राग येत होता.

दिवाळी झाली. मुकादम पुन्हा आला. मावशी त्याच्याकडे गेली. चिकूच्या वाडीत मजुरी मिळते, पण ती डहाणूच्या अंगाला, आणि इथून जाऊन-येऊन मजुरी जीपवालाच खातो. रोजगार हमीचं काम आमच्याकडे निघेपर्यंत माणूस उपासाने निघतो. मुलीकडे जाऊन राहा म्हटलं तर म्हणाली, जावयाच्या दारात कशी बसू? तर ती गेली. मुकादमाने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगितलं, एकटीला काम नाही. भट्टीवर जोडी लागते. एकाने मातीचा गारा, म्हणजे चिखल, करायचा, दुसऱ्याने विटा पाडायच्या. जोडी असेल तर नाव घेतो.

ती परत आली. आमच्या अंगणातून गेली आणि तिच्या दारात बसली. सासू गोठ्यात होती. तिने सगळं ऐकलेलं होतं, पाड्यावर सगळं ऐकू येतं. तिने शेण भरलं, हात धुतले, आणि मला म्हणाली, "माझी गोधडी काड वरची."

मी जेवढं भांडता येईल तेवढं भांडले. चेअरमन आहेस म्हटलं. वय बघ म्हटलं. भट्टीवर गेलेल्या पोरीची आठवण काढली, जी मी कधीच काढायला नको होती. मी म्हटलं, "आये, तूच बोललीस ना, मेली तरी जायची नाय? या सगळ्या सोसायटीचा खटाटोप तू त्यासाठीच केलास ना?" तिने गोधडीची घडी मोडली, झटकली, परत घातली.

"केला ना," ती म्हणाली. "तुमी ऱ्हायलात की घरी."

"आणि तू?"

"सही पयली माझी हाय," ती म्हणाली. "तिला एकटीला घेत नाय तो."

दोघी गेल्या. ट्रकात मावशी आधी चढली आणि तिने वरून हात दिला. नवऱ्याला मी फोन केला, तो आईशी भांडला, रडला, मग कंपनीची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. रविवारी त्या दोघींचा फोन येतो, मुकादमाच्या मोबाइलवरून. सासू विचारते, गाय खाते का? खाते म्हणते मी. पाय कसे आहेत विचारलं तर म्हणते, पाय चिखलात आहेत, आणखी कसे असणार. मग मागून मावशीचा खोकला ऐकू येतो आणि फोन बंद होतो.

सासूची गाय मी पिळते. दोन सडं वासराला, दोन सोसायटीला. दूध तिच्या नावावर घालते, रोज, वेगळ्या किटलीत. परवा सुपरवायझर तपासणीला आला होता. बिस्किटाचा पुडा घेऊन आला होता. कॉम्प्युटर बघितला, एकेक खातं बघितलं, खूश झाला. मग त्याने इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "चेअरमनबेन दिसत नाहीत?"

मी सांगितलं, भट्टीवर गेली.

त्याने मान खाली घातली. हातातला पुडा टेबलावर ठेवला, परत उचलला. मलाच कसंतरी झालं. मी विचारलं, "मग तिचं नाव कमी करायचं का? माणूसच इथे नाही तर?"

"नाही, नाही," तो घाईने म्हणाला. "गाय आहे ना? गाय आहे तर वांधो नाही."